कोणत्या तोंडानं देवासमोर उभा राहू?

म्हापशात समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. नापास झाल्याचं घरी लपवलेली मुलगी, उधारीत बुडालेला दुकानदार, लग्नाबाहेरच्या नात्यात अडकलेली बाई. ख्रिस्ती मंडळी म्हणतात, "कुमसाराला, पाद्रीसमोर पाप कबूल करायला, जायचं धाडस होत नाही." हिंदू म्हणतात, "देवळाच्या पायरीवरूनच मागं फिरलो." एरवी रोज उदबत्ती लावणारी माणसं नेमकी संकटात देवघराकडे पाठ करतात.

देव मान किंवा मानू नको, असं मी कुणालाही सांगत नाही. पण जो मानतो, त्याच्याशी देवाविषयी बोलायला मी कचरत नाही. काही समव्यवसायिकांना हे पटत नाही. माझा अनुभव असा, की आपण विषय काढला नाही तरी तो देव त्या खोलीत आधीच येऊन बसलेला असतो.

पेडणे तालुक्यातले एक गृहस्थ आले होते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आतबाहेर, नोकरी बरी, व्यसन मोबाईलवरच्या रमीचं. मांडवीतल्या कॅसिनोत जुगार खेळायला गोमंतकीयांना १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे, पण खिशातल्या मोबाईलला तेव्हा कोण अडवणार होतं? हरलेले पैसे भरून काढायला त्यांनी बायकोच्या पाटल्या गुपचूप सोनेतारणात ठेवल्या होत्या. हप्ते थकले, लिलावाची नोटीस आली आणि गणपतीची चवथ तोंडावर. चवथीला मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, तेव्हा त्या पाटल्या तिच्या हातात असायलाच हव्यात.

"यंदा चवथीला घरी जायचंच नाही असं ठरवलंय," ते म्हणाले. "गणपतीपुढं उभा कसा राहू?"

"भीती गणपतीची वाटते की बायकोची?"

थोडा वेळ गेला. "दोघांचीही."

झोप उडाली होती. पूजा त्यांनी बायकोवर सोपवली होती, रोज काहीतरी निमित्त काढून. तरी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या देवाचा धावा चालूच असे. मी विचारलं, "मागता काय?"

"कोणाला कळू नये, एवढंच. भगवतीला नथ बोललोय."

मग त्यांनी पाकीट काढलं. प्लॅस्टिकच्या खिडकीत पेडण्याच्या भगवतीचा फोटो होता आणि फोटोच्या मागं, चार घड्या घालून, तारणाची पावती. घड्यांवर कागद झिजून पांढरा पडला होता. देवीच्या आड लपवायचं आणि देवीलाच सांगायचं की उघडं पडू देऊ नकोस! मी ते बोलून दाखवलं नाही. पावती टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनाच ते दिसलं असावं.

पुढच्या खेपेला ते नवीन तोडगा घेऊन आले. बायकोला सांगावं की नाही, यासाठी देवीच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायचा. उजवीकडची पाकळी पडली तर सांगायचं. मी म्हटलं, "कौल नंतर. आधी गाऱ्हाणं घाला."

माझ्या लक्षात होतं, की त्यांचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालत, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालत. "इथंच घाला," मी म्हटलं. ते ओशाळं हसले. खुर्चीत सरकले. मग हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा…" आणि आवाज बदलला. तो बहुधा वडिलांचा असावा. ग्रामदेवता झाली, वाडीतले देव झाले, पूर्वज झाले. प्रत्येक टप्प्यावर, जमलेल्यांनी म्हणायचं तसं, मी म्हणत होते, "व्हय म्हाराजा." 'चुकलं-माकलं पदरात घे' इथवर आले आणि थांबले.

"वडील हे दरवर्षी म्हणायचे," ते हळू म्हणाले. "मी लहान होतो, तेव्हापासून."

"तेव्हा तुम्ही काय चुकला होता?"

"काहीच नाही."

त्या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ बसलो. चूक घडण्याच्या कितीतरी आधी तिची जागा गाऱ्हाण्यात राखून ठेवलेली होती. सुवेर-सुतक पाळावं तशी त्यांना आपली चूक देवापासून लांब ठेवायची होती, आणि वाडवडिलांनी मात्र तिला थेट प्रार्थनेच्या मधोमध बसवलं होतं. मग त्यांनी पाटल्या, रक्कम, नोटीस सगळं आकड्यांसह सांगितलं. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. हा प्रतिसाद मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवला नव्हता, पण आजवर दिलेल्या उत्तम प्रतिसादांत मी तो धरते.

आपल्याकडं देवाची एक दरारा बसवणारी बाजू आहेच. म्हार्दोळच्या म्हाळसेची घंटा वाजवून खोटी साक्ष दिली तर देवी शिक्षा करते, ही श्रद्धा गोव्यात सर्वांना ठाऊक. पण जनाबाईनं विठ्ठलाला शिव्याही घातल्या, हेही आपलंच. लाज वाटत असताना माणसाला पहिली बाजूच आठवते, म्हणून मी दुसरीची आठवण देते. मंत्र, स्तोत्र राहू द्या. घरी बोलता त्या भाषेत, तोंडानं, आवाज काढून सांगा. 'माझ्या हातून काहीतरी झालं' असं गुळमुळीत नको; काय, कधी, किती ते बोला. 'कळू नये' हे मागणं सोडा, कारण ते मागत राहिलात तर रोज नव्यानं लपवावं लागतं. सांगायचं बळ मागा. आणि देवाला सांगून झालं की एका माणसाला सांगा, शक्य तितक्या लवकर. देवाला सांगितलं म्हणजे भागलं, असं मानणारेही मी पाहिले आहेत. त्यांचं कर्ज वाढतच जातं.

प्रार्थनेवर सगळं ढकलूही नये. खेळ सुटत नसेल, झोप येत नसेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच क्षणी १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो.

गृहस्थांनी चवथीच्या आधी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस माहेरी गेली, परत आली ती दिराला घेऊन, आणि लिलाव तेवढा टळला. खेळाचे अॅप तिच्यासमोर काढून टाकले. पगार आता तिच्या हातात जातो. नंतर ती एकदा माझ्याकडं आली, तेव्हा मी सहज विचारलं, की देवीला बोललेल्या नथीचं काय करायचं ठरलं.

"आधी माझ्या पाटल्या सुटू देत," ती म्हणाली. "मग नथ बघू. देवीला मी सांगून ठेवलंय."