रोज पूर-पूर खेळणारं मूल

"मॅडम, तो दिवसभर पूर-पूर खेळतो. आमच्याच्याने बघवत नाही. थांबवू का त्याला?"

पुरातून वाचलेल्या एका चार वर्षांच्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. आपत्तीतून गेलेले बरेच पालक हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

रात्री घरात पाणी शिरलं, तेव्हा बाबांनी मुलाला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. आई मागे अडकली होती, ती बऱ्याच वेळाने भेटली. दोन महिने उलटले तरी मुलगा आईला क्षणभर सोडत नव्हता. सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात गेला होता, रात्री अंथरूण ओलं होत होतं, आणि बाथरूममध्ये पाऊल टाकायला तो साफ नकार देत होता. बाबांचं म्हणणं होतं, "लहान आहे. आपण विषय काढला नाही तर आपोआप विसरेल."

हे खूप जणांना वाटतं, आणि त्यामागे मायाच असते. पण या वयात मूल घडलेलं शब्दांत मांडू शकत नाही, ते खेळून दाखवतं. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या चौचिला इथे शाळेच्या बसमधून 26 मुलांचं अपहरण झालं होतं. सगळी सुखरूप परतली. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नंतर त्यांचा अभ्यास केला, तेव्हा काही मुलं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळत असल्याचं त्यांना दिसलं. त्या खेळात मजा नव्हती.

म्हणून मी आईला म्हटलं, थांबवू नका, आधी आपण नीट बघू या.

त्याने ठोकळ्यांचं घर रचलं, आत बाहुल्या ठेवल्या आणि निळं फडकं ओढून सगळं झाकून टाकलं. ओठ घट्ट मिटलेले, श्वास भरभर चाललेला. फडकं काढलं, की पुन्हा तेच. कुणी वाचत नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. खेळ रोज थोडा बदलत असेल, त्यात कुणी मदतीला येत असेल, तर मूल आपल्या पद्धतीने सावरत असतं. या मुलाचा खेळ मात्र एकाच जागी अडकला होता.

काही भेटींनंतर मी खेळात शिरले. "पाणी कुठून आलं रे?" त्याने फडक्याचं टोक बोटाने दाबून धरलं आणि हळूच म्हणाला, "नळातून. मी बंद नाही केला."

आईला आठवलं, त्या संध्याकाळी नळ उघडा ठेवला म्हणून तो ओरडा खाऊन बसला होता. एवढे दिवस हे पोर अख्ख्या पुराचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन वावरत होतं! तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये हे अनेकदा दिसतं. आपल्या वागण्याने, अगदी मनात आलेल्या विचारानेही जगात काहीतरी घडतं, असं त्यांना खरंच वाटतं. घरात कुणी विषयच काढत नसेल, तर ही समजूत दुरुस्त करणार कोण?

मग बाबांनीच त्याला सांगितलं: खूप पाऊस पडला, नदी भरली, तिचं पाणी घरात आलं. तुझ्या नळामुळे काही झालं नाही. एकदा सांगून भागलं नाही. तो विचारत राहिला, बाबा न कंटाळता सांगत राहिले. घर नळामुळे भरत नाही, हे दोघांनी बादली भरून पाहिलं.

आणखी एका गोष्टीबद्दल मला दोघांशी बोलावं लागलं. बाबांचं काम बुडालं होतं, कर्ज झालं होतं, आणि रात्री त्यावरून भांडणं होत होती. मुलगा झोपलेला असतो, असं त्यांना वाटे. पण लहान मुलाला संकट बरंचसं आईवडिलांमार्फतच जाणवतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी मुलांसाठी शिशुगृहं चालवली. बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासून झालेली ताटातूट लहानग्यांना जास्त खचवते, असं त्यांनी नोंदवलं. अमेरिकेतल्या 1930 च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी काम केलं. आर्थिक ओढाताण आईवडिलांच्या चिडचिडीतून मुलांपर्यंत कशी पोहोचते, ते त्यातून दिसलं. हे सांगताना मी जपून बोलते, कारण आधीच पिचलेल्या आईबापांवर मला अपराधाचं नवं ओझं टाकायचं नसतं. त्यांनी सतत हसतमुख राहावं अशी अपेक्षाही नाही. "बाबांना कामाची काळजी आहे, म्हणून ते चिडले. तुझ्यावर नाही." एवढं वाक्य मुलाला पुरतं. जेवण, आंघोळ, झोप यांच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेवायच्या. कुठे जात असाल तर सांगून जा, सांगितल्या वेळेला परत या. अंथरूण ओलं झालं तर रागवू नका.

पुढे खेळात एक बाहुली दुसरीला खांद्यावर घेऊन बाहेर येऊ लागली. आईची बाहुली शोधायला मात्र बराच काळ गेला आणि तेव्हा तो रडलाही. आई जवळ बसून होती.

बहुतेक मुलं घरच्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरू लागतात. महिना उलटूनही झोप, खाणं, बोलणं बिघडलेलंच असेल, मूल खेळणंच सोडून गप्प झालं असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा खेळ असा अडकलेला असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. आणि पालकांपैकी कुणाची झोप उडाली असेल, तर त्यांनी तज्ज्ञांकडे स्वतःसाठीही वेळ मागून घ्यावी.