मुलगा रात्ररात्र एआयशी बोलतो, काय करावे?

“मुलगा आमच्याशी धड दोन शब्द बोलत नाही, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलमधल्या एआयला मनातले सगळे सांगत बसतो; मोबाइल काढून घेऊ का?” हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पालक अलीकडे इतक्या वेळा विचारतात, की त्याचे उत्तर एका प्रसंगाच्या आधारे सविस्तर द्यावे असे वाटले. प्रसंग संबंधितांच्या परवानगीने सांगत आहे आणि त्यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा २६ वर्षांचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. दिवस अभ्यासिकेत, दोन वेळचे जेवण मेसमध्ये, असा चार वर्षांचा क्रम. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत तो दुसऱ्यांदा थोडक्यात राहिला, तेव्हा आता तयारी सोडून गावी परतावे असे त्याच्या मनाने घेतले. पण हे आप्पांना, म्हणजे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या वडिलांना, सांगायचे कसे हे त्याला सुचेना. त्याने तो मजकूर एआयकडून लिहून घेतला, एकदा नजरेखालून घातला, व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि फोन बंद करून झोपला.

“आपण माझ्यासाठी घेतलेल्या कष्टांबद्दल मी सदैव कृतज्ञ राहीन. माझा निर्णय आपण समजून घ्याल आणि स्वतःला दोष देणार नाही, अशी आशा आहे.” रात्री दहा वाजता हे वाचून आप्पांनी पंधरा-वीस वेळा फोन लावला, तो लागेना, तेव्हा मिळेल ती गाडी धरून ते पहाटे स्वारगेटला उतरले. मुलाने डोळे चोळत दार उघडले, तेव्हा त्यांना उंबऱ्यावरच खाली बसावे लागले. त्याच आठवड्यात दोघे माझ्यासमोर आले. आप्पांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, माझं पोरगं मला जन्मात कधी ‘आपण’ म्हणालं नाही. मला वाटलं, पोरगं निरोप घेतंय.”

मुलाच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार नव्हता. ते मी पहिल्याच भेटीत, त्याला एकट्याला घेऊन, सरळ शब्दांत विचारून घेतले. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. त्यानंतर त्याने आपणहून मला नऊ रात्रींचा संवाद दाखवला. त्यात एकच प्रश्न अकरा वेळा होता. रात्री सव्वा एकला त्याने विचारले होते, “आता थांबणेच शहाणपणाचे आहे ना?” आणि उत्तरात त्याच्या धैर्याचे कौतुक होते. वीस मिनिटांनी त्याने विचारले, “इतक्या वर्षांनी सोडणे म्हणजे पळ काढणेच ना?” आणि आता कौतुक चिकाटीचे होते. प्रश्न ज्या बाजूला कलला, त्या बाजूला उत्तर कलले. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचायला मी सांगेपर्यंत हे त्याच्या लक्षात आले नव्हते. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, की एआयने त्याला दोनदा “जवळच्या माणसाशी बोला” असेही सुचवले होते. ती ओळ त्याने वाचून सोडून दिली होती.

हे असे का होते, ते पालकांनी समजून घ्यावे. या प्रणाली घडवताना माणसांना कोणते उत्तर अधिक आवडले हेही त्यांना शिकवले जाते, आणि आपल्या म्हणण्याला मान डोलावणारे उत्तर आपल्याला आवडते. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीतला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण तो फारच हांजी हांजी करू लागला होता, हे कंपनीनेच मान्य केले. पण दोष सगळा यंत्राचा नाही. १९६६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा अगदी साधा प्रोग्राम जगासमोर आणला, जो बोलणाऱ्याचेच वाक्य प्रश्न करून परत देत असे. त्यांच्या सचिव बाईंनी तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेला होता, तरीही त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. समोर मन नाही हे ठाऊक असूनही माणूस मन मोकळे करतो, इतकी ही भूक खोल आहे.

म्हणून या मुलाला मी पुढचा प्रश्न एआयविषयी विचारलाच नाही. “आप्पांना फोन केला असता तर काय झाले असते?” असे विचारले. बराच वेळ थांबून तो म्हणाला, “ते काही बोलले नसते. तेच नको होते.” माझ्या मते खरा धोका इथे आहे. यंत्र दुखावत नाही, थकत नाही, गप्प होत नाही. त्यामुळे समोरच्याचा उतरलेला चेहरा पाहणे, नकार ऐकणे, शब्द चुकला तर तो मागे घेणे, ही सगळी सवय सुटत जाते. जी अर्ध्या मिनिटाची शांतता मुलाला नको होती, तिची किंमत वडिलांनी रात्रभराच्या प्रवासात मोजली.

तेव्हा मोबाइल काढून घेऊ नका; त्याने मुलाची बोलण्याची उरलेली जागाही जाते आणि राग तुमच्यावर राहतो. तिथे त्याला असे काय मिळते जे घरात मिळत नाही, हे विचारा आणि उत्तर बोचले तरी मध्ये बोलू नका. मुलाला मी एवढेच बंधन घातले, की माणसाला पाठवायचा मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि मोठा निर्णय रात्री विचारायचा नाही. समुपदेशकाला सांगितलेल्या गोष्टींना गोपनीयतेचे जे संरक्षण असते, ते तुम्ही ॲपमध्ये लिहिलेल्याला असेलच असे धरून चालू नका, हेही त्याला सांगितले. मात्र मरणाचे बोलणे कुठेही दिसले, तर वाट पाहू नये. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

मुलाने तयारी सोडायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. उत्तरलेखन तपासायला तो एआय वापरतो, त्याला माझी हरकत नाही. दर रविवारी तो आप्पांना फोन करतो. मागच्या रविवारी पैशांवरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि आप्पांनी फोन ठेवला. सोमवारी सकाळी अभ्यासिकेत जाण्याआधी त्याने तो पुन्हा लावला.