भोंगा वाजला नाही, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न: मी इंदूरला रामबागेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. सासऱ्यांची साडेतीन एकर जमीन खरगोन जिल्ह्यात नदीकाठी आहे. गावात मोबाइलची रेंज नाही आणि वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्पाचे काँक्रीटचे धरण आहे. गेल्या एप्रिलमध्ये, आभाळ निरभ्र असताना, संध्याकाळी पात्रातले पाणी एकाएकी चढले. आमची मोटार आणि पाइप वाहून गेले, जमीन कसणाऱ्या भिलाला कुटुंबाच्या दोन म्हशी बुडाल्या आणि त्यांचा मुलगा खडकाला धरून कसाबसा वाचला. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपते, असेही लोक म्हणतात. माझ्या भाच्याने त्याचे चित्रण केले आहे. आम्हाला भरपाई मिळेल काय? आणि हे चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्यास उलट आमच्यावरच गुन्हा दाखल होईल काय?

उत्तर: आपल्या पत्राची तीन पाने भिंतीतील पाझराविषयी आहेत आणि भोंग्याविषयी जेमतेम दोन ओळी. वकील म्हणून मला महत्त्व अगदी उलट्या क्रमाने द्यावेसे वाटते. काँक्रीटच्या धरणातून थोडाफार पाझर येतोच. तो भिंतीच्या पोटातील गॅलरीत, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या बोगद्यात, मोजून नोंदला जातो आणि तो धोकादायक आहे की नाही, हे तज्ज्ञांच्या साक्षीशिवाय कोणतेही न्यायालय ठरवणार नाही. (मातीच्या धरणाची गोष्ट वेगळी. धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला ऑगस्ट २०२२मध्ये गळती लागली, तेव्हा १८ गावे रिकामी करावी लागली होती.) याउलट भोंगा वाजला नाही, ही गोष्ट सिद्ध करायला इंजिनिअर लागत नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी एकात खांबावरच्या भोंग्याच्या तोंडात गांधीलमाश्यांचे वाळलेले पोळे स्पष्ट दिसते. ते छायाचित्र जपून ठेवा. भाच्याच्या साऱ्या चित्रणापेक्षा त्याचे मोल अधिक आहे. ज्या फोनने ते काढले तो फोनही विकू नका, कारण मूळ फाइल आणि तिची तारीख पुढे लागेल.

एप्रिलमध्ये पाणी का चढले, याचे उत्तर बहुधा दरवाजांत नसून टर्बाइनमध्ये आहे. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की जलविद्युत केंद्रे सुरू केली जातात आणि कोरड्या पात्रात काही मिनिटांत मोठा प्रवाह येतो. काठावरचा माणूस आभाळाकडे पाहून निर्धास्त असतो आणि नेमका तेथेच फसतो. आपल्या भागाला याचा अनुभव नवा नाही. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावस्येच्या जत्रेत नर्मदेत उतरलेले साठाहून अधिक भाविक इंदिरा सागर प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, तेव्हाही पाऊस नव्हता.

यातून आपल्या हाती एक असा पुरावा येतो की जो कोणाला सहज बदलता येत नाही. विजेच्या ग्रिडमध्ये प्रत्येक केंद्राच्या निर्मितीचा हिशेब १५ मिनिटांच्या टप्प्यांनी ठेवला जातो, म्हणजे दिवसाचे ९६ टप्पे. माहिती अधिकाराखाली जबलपूरच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे (राज्यातील विजेचे नियंत्रण करणाऱ्या कार्यालयाकडे) त्या तारखेची, त्या केंद्राची टप्पेवार आकडेवारी मागा. आपल्या शेतकऱ्यांनी सांगितलेली वेळ आणि निर्मिती वाढल्याची वेळ यांत पाणी वाहत येण्यापुरतेच अंतर निघाले, तर ‘नैसर्गिक आपत्ती’ हा बचाव जवळजवळ संपतो.

दुसरा अर्ज धरणाच्या मालकाकडे करावा. त्यात धरणाचे नकाशे मागू नका. सुरक्षेचे कारण देऊन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(क)खाली नकार मिळेल आणि सहा महिने अपिलात जातील. एवढेच मागा: भोंग्याच्या चाचणीच्या मागील तीन वर्षांच्या तारखा, त्या संध्याकाळची भोंग्याची नोंदवही, पाणी सोडण्यापूर्वी कलेक्टर व ग्रामपंचायत यांना दिलेल्या सूचनेची प्रत, आणि पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या तपासणीच्या तारखा. प्रकल्प खासगी कंपनीचा असेल, तर हीच माहिती धरणांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेमार्फत मागता येते. केंद्राच्या उपक्रमाचा असेल, तर त्या संघटनेचे काम राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणच करते. म्हणून मालक कोण, हे आधी पक्के करा.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच असलेली सर्व धरणे आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्याखाली येतात. खालच्या भागासाठी इशारा देणारी यंत्रणा उभारणे आणि ती चालते की नाही हे वेळोवेळी तपासणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. आपत्कालीन कृती आराखडा करण्यासाठी जुन्या धरणांना पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेरपर्यंतची मुदत दिलेली आहे. भोंगा दुरुस्त ठेवण्यासाठी मात्र त्या मुदतीची सबब सांगता येणार नाही. या अधिनियमातील मोठी उणीव अशी, की तो बाधित माणसाला भरपाईचा एक रुपयाही देत नाही आणि गुन्ह्याची फिर्यादही सामान्य नागरिक थेट न्यायालयात दाखल करू शकत नाही. तेव्हा त्याचा उपयोग मालकाने कर्तव्य चुकवले, हे दाखवण्यापुरता करायचा.

भरपाई मागायची ती निष्काळजीपणाच्या आधारे. साठवलेले पाणी शेजाऱ्याच्या मालमत्तेत शिरले तर दोष सिद्ध न करताही साठवणारा जबाबदार, हे तत्त्व १८६८ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून आले, आणि तो खटला जलाशयाचाच होता. परंतु कायद्याच्या अधिकाराने बांधलेल्या धरणाला त्यातून सुटण्याची वाट मिळते. निष्काळजीपणाला ती वाट नाही. हिमाचलमध्ये ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले, त्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे सुदैवाने जीवितहानी नाही. त्यामुळे पैशांसाठी दिवाणी दावा आणि भोंगा सुरू करण्याच्या आदेशासाठी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका, अशी विभागणी मी करीन. दाव्यात शासनालाही प्रतिवादी करायचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०खाली दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. मुदतीच्या बाबतीत उदार अर्थ लावण्याचा धोका पत्करू नका. वैधानिक काम करताना झालेल्या नुकसानीला एक वर्षाची मुदत लागू होते, असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून घटनेपासून एक वर्ष हीच आपली मुदत समजा.

तहसीलमध्ये आपण अर्ज केला असेल किंवा करणार असाल, तर एका शब्दाकडे लक्ष द्या. मध्य प्रदेशच्या महसुली नियमांतील राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली नैसर्गिक आपत्तीची मदत मिळते, आणि पटवारी सवयीने पंचनाम्यात ‘बाढ़’ (पूर) लिहून मोकळा होतो. तो एक शब्द उद्या प्रतिपक्ष न्यायालयात वाचून दाखवील. ‘प्रकल्पातून पूर्वसूचना न देता सोडलेल्या पाण्यामुळे झालेले नुकसान’ असेच लिहून घ्या. मदत मिळाली तर ती घ्या, पण पावतीवर पुढील हक्क राखून ठेवल्याचे नमूद करा.

जमिनीचे नामांतरण, म्हणजे सरकारी नोंदीत सासऱ्यांच्या जागी वारसांचे नाव लावणे, राहिले आहे असे आपण पत्रात लिहिले आहे, त्याची फार चिंता नको. मोटारीचे बिल आणि वीजजोडणी आपल्या नावावर आहे, तेवढ्यावर मोटारीचा दावा उभा राहतो. नामांतरण मात्र उरकून घ्या.

आता चित्रणाविषयी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५४खाली घबराट पसरवणारा खोटा इशारा देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पाझराचे खरे चित्रण हा खोटा इशारा नव्हे; पण त्याखाली भाच्याने ‘धरण फुटणार’ असे लिहिले, तर ते वाक्य सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येईल. ते गटांत फिरवण्याऐवजी एका पत्रासोबत धरण सुरक्षा संघटनेला आणि कलेक्टरला पाठवा व पोच घ्या. ग्रामसभेने भोंग्याबाबत ठराव केला, तर तोही जोडा.

म्हशींचा आणि मुलाच्या दुखापतीचा दावा आपला नाही, त्या कुटुंबाचा आहे; तो आपल्या दाव्यात घुसवू नका, नाहीतर दोन्ही अडकतील. ते अनुसूचित जमातीचे असल्याने, आणि आपण स्त्री असल्याने, उत्पन्न कितीही असले तरी दोघांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा क्रमांक १५१०० आहे. गावात रेंज नसल्यामुळे त्यांच्या वतीने तो फोन इंदूरहून आपणच करावा.