समुपदेशक व्हायला परवाना लागतो का? नाशिकच्या सिडकोतल्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं: "माझी मुलगी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. तिला समुपदेशक व्हायचं आहे. तीन महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, फी 45 हजार. शेवटी 'सरकारमान्य परवानाधारक थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र देतात. पैसे भरायची मुदत याच आठवड्यात संपते. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, तिकडे लायसन्सशिवाय कुणाला समुपदेशक म्हणून बसता येत नाही. इथे तर कुणीही बोर्ड लावतो. मग दोन वर्षं एमएत घालवायची गरज काय? तिचे वडील सातपूरला कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) कर, निदान नोकरी तरी लागेल. आम्ही काय करावं?"

ताई, नमस्कार.

मुदत जवळ आहे म्हणून कोर्सचं आधी सांगतो. पैसे भरू नका. तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सनंतर मिळणारा थेरपिस्टचा सरकारी परवाना भारतात नाही. कुठल्याच कायद्यात नाही. अशा जाहिरातींखाली आयएसओ, उद्यम नोंदणी, सोसायटी नोंदणी असे शिक्के असतात, आणि ते बहुतेकदा खरेही असतात. पण त्यातून एवढंच कळतं की संस्था कागदोपत्री नोंदलेली आहे. तुमच्या लेकीला उपचार करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यांना फोन करून एकच गोष्ट विचारा: "कोर्स झाल्यावर माझ्या मुलीचं नाव कोणत्या कायद्याखालच्या कोणत्या रजिस्टरमध्ये लागेल, आणि नोंदणी क्रमांक कोण देईल?" उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इथे कुणीही बोर्ड लावतो, हे तुमचं निरीक्षण अर्धं खरं आहे.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजार तपासून औषधांविना उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, ही पाटी कुणालाही लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं. परिषदेचा कायदा 1992 चा आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. दंड किरकोळ वाटेल, पण कैदेचा उल्लेख विसरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्णांसाठी काम करणारा समाजकार्यकर्ता) कुणाला म्हणायचं ते पात्रतेसकट लिहून ठेवलं आहे. सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर त्याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेल्या कामासह. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर. औषधं लिहिण्याचा अधिकार त्यांचा. समुपदेशकाने गोळीचं नावसुद्धा सुचवायचं नाही.

नुसतं 'समुपदेशक' किंवा 'थेरपिस्ट' म्हणवून घ्यायचं असेल तर मात्र असं एकच बंधनकारक रजिस्टर आजवर चालत आलेलं नाही. एमएसडब्ल्यू झालेल्यांसाठीही डॉक्टर-वकिलांसारखा देशभराचा परवाना नाही. ही मोकळीक त्या 45 हजारांच्या कोर्सवाल्यांच्या पथ्यावर पडते, आणि त्याची किंमत मोजतो तो समोर येऊन बसलेला माणूस. नवरा गेल्यानंतर झोप उडालेली बाई, दहावीत नापास झालेला मुलगा, व्यसन सोडू पाहणारा कामगार. अर्धवट शिकलेल्या माणसासमोर त्यांनी मन मोकळं केलं तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

ही मोकळीक फार काळ राहणार नाही. 2021 मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वर्तनात्मक आरोग्याचा एक स्वतंत्र गट आहे. मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक, वैद्यकीय व मानसोपचार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते असे बरेच जण त्या गटात येतात. राज्य परिषदा, रजिस्टर, ठरलेला अभ्यासक्रम ही सगळी रचना अजून उभी राहते आहे. तुमची लेक एमए होऊन बाहेर पडेल तेव्हा नियम आजच्यापेक्षा कडक असतील, असं धरून चाला. रजिस्टर उघडेल त्या दिवशी तिची कागदपत्रं अडता कामा नयेत. आजचे सगळे निर्णय या एका कसोटीवर घ्या.

या कायद्याचा एक परिणाम आताच दिसतो आहे आणि नाशिककरांना तो विशेष जाणवेल. आपलं गाव मुक्त विद्यापीठाचं. त्यामुळे नोकरी करत, घरी बसून एमए करू, हा विचार इथल्या घरात सहज येतो. इतर अनेक विषयांत तो चांगलाही आहे. पण यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखाली येणाऱ्या विषयांचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेश देशभर बंद केले आहेत. तेव्हा एमए करायचं ते रोज वर्गात बसूनच. कुणी 'ऑनलाइन एमए सायकॉलॉजी, प्रवेश सुरू' म्हणालं तर तिथून उठून या.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण त्याने अर्धंच सांगितलं. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं. समुपदेशकांसाठी पहिला कायदा व्हर्जिनियाने 1976 मध्ये केला आणि कॅलिफोर्नियाने अगदी शेवटी, 2009 मध्ये. म्हणजे तिकडेही हे घडायला तेहतीस वर्षं गेली. कॅलिफोर्नियात आज समाजकार्याची किंवा समुपदेशनाची मास्टर्स पदवी घेतल्यावर आधी 'असोसिएट' म्हणून नोंद करावी लागते. मग परवानाधारक ज्येष्ठांच्या देखरेखीखाली 3000 तास काम, आणि कायदा-नीतिमत्ता व प्रत्यक्ष उपचार अशा दोन परीक्षा. एवढं झाल्यावर स्वतंत्रपणे बसता येतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हे तास. आपला कायदा आज इतके तास मागत नसला तरी तुमच्या लेकीला ते भरायला कुणी अडवलेलं नाही. कुठे काम केलं, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, याची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि दर महिन्याला सही घ्यावी. अशी वही घेऊन मुलाखतीला आलेली मुलं मला फार थोडी भेटली आहेत, आणि ती मागे राहिलेली मी पाहिली नाहीत.

एमए की एमएसडब्ल्यू, हे तिचा ओढा कुठे आहे यावर ठरेल. एका माणसासमोर तासभर बसून त्याच्या विचारांची गाठ सोडवण्यात तिला रस असेल तर मानसशास्त्र. त्या माणसाचं घर, रेशनकार्ड, सासर, कोर्टाची तारीख, दारूचं दुकान हे सगळं बदलायची धडपड करावीशी वाटत असेल तर समाजकार्य. तिला स्वतःला विचारा. वडिलांना किंवा मला विचारून हे कळणार नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच व्हायचं असेल तर एक बदल नीट समजून घ्या. जुनी वाट एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल अशी होती. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना यूजीसीने मुदत वाढवून दिली, तीही 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत. आरसीआयने आता क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमए आणि त्यापुढे सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) असे कोर्स आणले आहेत. साधं एमए सायकॉलॉजी आणि आरसीआयमान्य एमए क्लिनिकल सायकॉलॉजी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव जवळजवळ सारखंच असल्याने पालक नेमके इथे फसतात. कॉलेजला आरसीआयची मान्यता ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक जागांसाठी मिळते. प्रवेशाच्या दिवशी आरसीआयच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि चालू वर्ष, तिन्ही जुळतात का ते स्वतः पाहा. कोर्सनंतर नोंदणी नेमक्या कोणत्या नावाने होते, हेही तिथेच तपासा. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी, हे मनाशी धरून ठेवा. पुणे, मुंबई किंवा राज्याबाहेर जायची तयारी ठेवावी लागेल.

क्लिनिकलकडे जायचं नसेल तर साध्या एमएनंतरही काम आहे, आणि ते वाढतं आहे. सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कोचिंग क्लासेसही त्यात आले. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या क्लासेसची गर्दी आठवली की हे काम किती निकडीचं आहे ते वेगळं सांगायला नको. शाळेकडे वळायचं असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा जरूर बघा. त्यात दूरशिक्षण, प्रत्यक्ष वर्ग आणि इंटर्नशिप असे तिन्ही टप्पे असतात. पण तो एमएच्या जोडीला. एमएच्या ऐवजी नाही.

वडिलांचा सल्ला मला मोडीत काढावासा वाटत नाही. एमएसडब्ल्यूत आठवड्यातले ठरावीक दिवस फिल्डवर्क असतं, ग्रामीण शिबिर असतं, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग काम, असते. देखरेखीखाली काम करण्याची सवय या अभ्यासक्रमात मुळातच आहे. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, म्हणजे घर सोडावं लागणार नाही. पुढे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही समुपदेशन केंद्र, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक, पेठ-सुरगाण्याकडे आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्था, अशी बरीच दारं आहेत. वडिलांच्या मनात कंपनीतला कामगार कल्याण अधिकारी असावा. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 कामगारांच्या कारखान्याला तो नेमणं सक्तीचं केलं होतं, नव्या कामगार संहितेत ही मर्यादा 250 वर आली आहे. सातपूर-अंबडच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण हे काम समुपदेशनापेक्षा प्रशासनाचं जास्त. लेकीला ते आवडणार नसेल तर नोकरी लागूनही ती खूश राहणार नाही.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. जिल्हा पातळीवरची यातली बरीच पदं कंत्राटी असतात, दर वर्षी नव्याने सही होते, मानधन कधी कधी उशिरा येतं. पहिली चार-पाच वर्षं घरचा आधार लागतो. त्याचा हिशेब आत्ताच मांडा, म्हणजे मधेच तिला ओढून बँकेच्या परीक्षेला बसवायची वेळ येणार नाही.

लेकीसाठी दोन ओळी. कुठलाही परवाना नसतानाही तुला लागू होणारे कायदे आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन त्या मुलाला आधी देऊन बसू नकोस. एरवी मात्र समोरच्याचं गुपित तुझ्या घरीही पोहोचता कामा नये, आईपर्यंतसुद्धा नाही. आणि जीव देण्याची भाषा कुणी केली तर एकटीने सांभाळायचा प्रयत्न न करता लगेच सिव्हिलच्या मानसोपचार विभागाकडे घेऊन जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, तो फोनमध्ये आजच साठवून ठेव.

ताई, या महिन्यात तिला तीन जणांना भेटू द्या: तिच्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागातल्या एक मॅडम किंवा सर, एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी, आणि आरसीआय नोंदणी असलेला एखादा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दिवसभर काय काम करता, असं तिने तिघांनाही विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका. नंतर टीवायच्या गुणपत्रिकेसह मला पुन्हा लिहा, म्हणजे प्रवेश परीक्षांच्या तारखा आणि कॉलेजांची यादी आपण एकत्र बसून लावू.