मामाला काय झालं होतं, ते आधी विचारा

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, वजन ६० किलो. दोन महिन्यांपूर्वी त्याला थंडी वाजून ताप आला, रक्तात व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन घेतल्यावर ताप उतरला. सोबत मलेरिया उलटू नये म्हणून प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या होत्या. तिसऱ्या गोळीनंतर त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन १३.४ होतं ते ६.८ वर आलं. गोळ्या बंद करून रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दोन दिवसांनी जी-सिक्स-पीडी नावाची चाचणी केली, ती नॉर्मल आली. घरचे म्हणतात, गोळ्या उष्ण पडल्या. आता पुन्हा ताप, पुन्हा व्हायव्हॅक्स. नवे डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, यावेळी १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा. करायचा का? मला पाच वर्षांचा मुलगा आहे, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर : ताई, प्रश्न तातडीचा होता, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं : क्लोरोक्विन पूर्ण करा, रोजची प्रायमाक्विन सुरू करू नका. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असा ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात घेऊन बसलेलं तुमचं एकट्याचं घर नाही.

त्या रिपोर्टमध्ये नक्की कोणाचं रक्त तपासलं गेलं, ते आधी बघू. जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. पेशीत सतत घातक ऑक्सिडंट तयार होत असतात, त्यांना निकामी करायला लागणारी रसद हे विकर पुरवतं. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं विकर बनवता येत नाही. जन्मताना मिळालेल्या साठ्यावर तिला १२० दिवस काढायचे असतात. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच कमी किंवा कच्चं असतं, त्यांच्या म्हाताऱ्या पेशींत ते जवळपास संपलेलं असतं. त्यात प्रायमाक्विनने ऑक्सिडंटचा मारा वाढवला की या पेशी आधी फुटतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, म्हणून तो कोऱ्या चहाचा रंग.

मग मागे काय उरतं? तरण्या पेशी, ज्यांच्यात विकर त्यातल्या त्यात भरपूर असतं. अस्थिमज्जाही घाईघाईने नव्या पेशी पाठवत असते. त्यात तुमच्या भावाला दोन दात्यांचं रक्त चढवलेलं होतं. म्हणजे चाचणीच्या नळीत दात्यांच्या पेशी होत्या, त्याच्या स्वतःच्या कोवळ्या पेशी होत्या, आणि ज्या पेशींची चौकशी करायची होती त्या लघवीतून केव्हाच निघून गेल्या होत्या. तो रिपोर्ट खोटा नाही, पण तुमच्या भावाबद्दल तो काही सांगत नाही. रक्त चढवल्यानंतर आणि पेशी फुटण्याचं थांबल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा. तोवर त्याच्यात ही कमतरता आहे असंच धरून चालायचं. तिसऱ्या दिवशी काळी लघवी आणि निम्म्यावर आलेलं हिमोग्लोबिन, यापेक्षा बोलका पुरावा मला कागदावर नको.

हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण एकदा मी स्वतः चुकले आहे. निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. एकोणीस वर्षांचा मुलगा, व्हायव्हॅक्स, प्रायमाक्विनचा तिसरा दिवस. त्याच्या आईने खिडकीच्या कट्ट्यावर दोन पारदर्शक बाटल्या ठेवल्या होत्या, एक सकाळच्या लघवीची, एक संध्याकाळची. मला हाताला धरून नेऊन तिने त्या दाखवल्या. सकाळची गडद पिवळी, संध्याकाळची जवळपास काळी. मी केसपेपरवर ‘मलेरियाची गुंतागुंत’ असं लिहिलं आणि पुढची गोळी थांबवली नाही. माझ्यासमोर सिस्टरनी ती दिली. रात्रीत त्याची लघवी बंद झाली, डायलिसिस करावं लागलं. तो वाचला. पण दाखल करतानाच त्याची आई मला म्हणाली होती, ‘माझ्या भावालापण तापाच्या गोळीने असंच झालं होतं.’ ते वाक्य मी लिहूनच घेतलं नव्हतं. आज मलेरियाचा रुग्ण समोर आला की नावानंतरचा माझा पहिला प्रश्न असतो : कुठल्या औषधाने कधी लघवी काळी झाली होती का, तुमची, भावाची, मामाची?

मामाची का, ते तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे आणतं. या विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाला एक्स एकच, तोही आईकडून. तो सदोष असेल तर भरपाईला दुसरा नाही. म्हणजे तुमच्या भावाला हा जनुक वडिलांकडून येऊच शकत नाही. आई वाहक असणार हे जवळजवळ नक्की. वडिलांचा जनुक चांगला आहे असं धरलं, तर आईच्या दोन एक्सपैकी सदोष एक्स तुमच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. तो आला असेल तर तुमच्या मुलाकडे जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. एकूण चारांत एक. तुमच्या मुलाचा मामा म्हणजे तुमचा भाऊ. त्याची कहाणी ही तुमच्या मुलाच्या फाइलमधली पहिली नोंद असायला हवी.

मुलाची चाचणी करून घ्या. तुमचीही करा, पण तुमची मोजमाप देणारी, म्हणजे विकराची क्रियाशीलता आकड्यात सांगणारी चाचणी हवी. नुसती ‘आहे-नाही’ सांगणारी ठिपक्याची चाचणी वाहक स्त्रियांमध्ये पुष्कळदा चुकते. वाहक स्त्रीच्या रक्तात काही पेशी सदोष, काही चांगल्या असतात, आणि चांगल्या पेशींच्या आड सदोष पेशी लपून जातात. त्या फुटायच्या मात्र फुटतातच.

कमतरता निघाली तर घाबरू नका. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ती आहे आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मूल खेळेल, शिकेल, वाढेल. डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज, मिथिलीन ब्ल्यू ही औषधं त्याला द्यायची नाहीत. नॅप्थालीनच्या डांबरगोळ्या आणि फावा बीन्स (एक प्रकारच्या शेंगांचे दाणे) दूर ठेवायचे. नेहमीच्या प्रमाणात पॅरासिटॅमॉल चालतं. एका कागदावर हे लिहून पाकिटात ठेवा, भावाच्या पाकिटात तर आजच.

आता भावाच्या उपचाराकडे. क्लोरोक्विन त्याला आधीही सोसलं होतं, आताही सोसेल. आर्टेमिसिनिनच्या संयुक्त गोळ्याही या लोकांना देता येतात. ताप उतरेल. प्रश्न उरतो यकृतातल्या झोपलेल्या जंतूंचा. व्हायव्हॅक्स तिथे दडून राहतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा रक्तात येतो; तुमच्याकडे दोन महिन्यांनी आला तो बहुधा तसाच. नवा डास चावायलाच हवा असं नाही. या झोपलेल्या जंतूंवर चालणारी औषधं दोनच, प्रायमाक्विन आणि तिचीच बहीण टॅफेनोक्विन. म्हणून ‘प्रायमाक्विन कायमची बंद’ म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. दर दोन महिन्यांनी येणारा मलेरिया स्वतःच रक्त खात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी वेगळी पद्धत दिली आहे : किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे. तुमच्या भावाला ६० किलोला ४५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये सात दिवस जातात, तेवढ्यात मज्जा फुटलेल्या पेशींची भरपाई करते. पण हे घरी बसून करायचं नाही. या कमतरतेचे अनेक प्रकार आहेत आणि भूमध्य प्रकारासारख्या तीव्र प्रकारात आठवड्याची मात्राही जड जाऊ शकते. तुमच्या भावाला रक्त चढवावं लागलं होतं, त्यामुळे मी त्याचं हिमोग्लोबिन आधी पूर्ण सावरू देईन, चाचणी पुन्हा करेन, आणि मगच, रक्त लगेच मिळेल अशा ठिकाणी, पहिली मात्रा देईन. पहिल्या काही मात्रांनंतर हिमोग्लोबिन तपासायचं, लघवी रोज पारदर्शक भांड्यात उजेडात धरून बघायची. रंग बदलला की पुढची मात्रा बंद.

टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम करते, म्हणून ती मोहात पाडते. तुमच्या भावाला ती नको. प्रायमाक्विन काही तासांत शरीरातून उतरते, म्हणून बंद केली की हानी आटोक्यात येते. टॅफेनोक्विनचं निम्मं प्रमाण उतरायलाच दोन आठवडे लागतात, आणि एकदा गिळलेली गोळी परत काढता येत नाही. विकराची क्रियाशीलता ७० टक्क्यांच्या वर आहे हे मोजून पाहिल्याशिवाय ती कुणालाच द्यायची नसते.

आणि उष्णतेचं. घरच्यांवर रागावू नका. त्यांना दिसलं ते त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगितलं. त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून ताक-सरबत देत बसला नाहीत, रक्त तपासलंत, म्हणून तो आज आहे. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी प्रायमाक्विनने काही जणांच्याच पेशी का फुटतात याचा शोध घेतला, तेव्हाच ही कमतरता पहिल्यांदा सापडली. आईला एवढंच सांगा की दोष तिच्या स्वयंपाकाचा नव्हता आणि तिचाही नव्हता.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे, मलाही व्हायव्हॅक्स झाला. क्लोरोक्विन दिलं, पण प्रायमाक्विन नाही म्हणाले. अर्धवट उपचार झाला का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. तुमची चाचणी करता येते, पोटातल्या बाळाची नाही, आणि औषध वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचतं. बाळंतपणापर्यंत आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन घेऊन आजार दाबून ठेवता येतो, त्याबद्दल त्यांना विचारा. बाळंतपणानंतर तुमची आणि बाळाची, दोघांचीही चाचणी झाली की प्रायमाक्विनचं ठरवता येईल. बाळाला पहिल्या दिवसांत कावीळ जास्त दिसली तर त्याच्या डॉक्टरांना जी-सिक्स-पीडीची आठवण जरूर करून द्या.