सेबलचा ब्रश पाण्यात उभा ठेवू नको

सेबलचा, म्हणजे जनावराच्या मऊ केसांचा, चित्रं रंगवायचा ब्रश घेतला ते बरं केलंस, पण तू पाठवलेल्या फोटोत तो पाण्याच्या डब्यात उभा दिसला अन् जीव कळवळला. बापू, असं करू नको. टोक वाकतंच, वर दांड्याचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, रंग तडकतो, केस धरून ठेवणारी पत्र्याची टोपी हलायला लागते. माझा आठ नंबरचा असाच गेला. गाय व्याली म्हणून गोठ्यात पळालो, परतलो तो सकाळीच.

काम संपलं की गार पाण्यात धू. तळहातावर अंगाचा साबण घे, ब्रश हलकेच फिरव, फेस पांढरा येईस्तोवर. टोपीजवळच्या केसांत रंग अडकतो, तिथं बोटांनी दाब. गरम पाणी नकोच, आतला गोंद सुटतो. मग एक झटका दे, टोक बोटांनी जुळव अन् आडवा वाळव. आपल्याकडच्या मे महिन्यात तासाभरात वाळतो, पण उन्हात नको.

पावसाळ्यात ओला ब्रश डबीत कोंडलास तर बुरशी. पूर्ण वाळल्यावरच बंद कर, पण बंद करच, कारण उघड्यावरचे केस कसर खाते. अॅक्रेलिक रंगाला नायलॉनचा स्वस्त ब्रश वेगळा ठेव. रंग घोटायलाही तोच.