गॅरेजपर्यंत वाय-फाय नेताना सुरुवात कुठून करावी
दुरुस्तीचा व्हिडिओ समोर ठेवून गाडीचे काम शिकायचे, तर गॅरेजमध्ये वाय-फाय हवेच. घरातले वाय-फाय तिथपर्यंत पोहोचत नसेल, तर तुमची गरज रास्त आहे. मात्र लगेच नवे उपकरण विकत घेऊ नका. प्रथम राउटर टीव्हीमागून किंवा कपाटातून बाहेर काढून गॅरेजच्या बाजूच्या खोलीत उंचावर ठेवा आणि फोन वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडा, कारण ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक असला तरी भिंती ओलांडताना त्याचा सिग्नल लवकर क्षीण होतो. लोखंडी शटर दोन्हींना अडवते, म्हणून तपासणी शटर बंद ठेवूनच करा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे, जिथे मुळात सिग्नलच पोहोचत नाही, त्या गॅरेजमध्ये रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) लावणे. तो वाटेत, सिग्नल अजून चांगला असेल तिथेच लावावा. केबल टाकणे शक्य असल्यास माझा कौल निःसंशय तिलाच आहे: इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि टोकाला ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे उपकरण) लावला की काम होते. मेशचा (एकच वाय-फाय मिळून पसरवणाऱ्या अनेक उपकरणांच्या संचाचा) विचार तूर्त बाजूला ठेवा.

गाडीबाबत सध्या एवढेच पाळा:
- केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट, टणक जमिनीवर गाडीला आधार देणारे स्टँड लावा.
- बॅटरी सोडवताना ऋण (−) टोक आधी काढा.